अंतर्गत मामला

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय खरा टँकरचा आणि पार्किंगचा, पण गाडी घसरली तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटवर. एजंटने टांझानियाचा एक पोरगा आणला होता, इथे पुण्यात शिकायला आलेला. मग काय, कोणी जेवणाच्या वासाचं काढलं, कोणी ड्रग्जचं, एक काकू म्हणाल्या "घरात पोरीबाळी आहेत हो". एकाने दबक्या आवाजात विचारलं की असं नाही म्हणता येतं का आपल्याला, तर सेक्रेटरी म्हणाले, "हा सोसायटीचा अंतर्गत मामला आहे." मी काय केलं? माझं बिस्किट चहात पडलं होतं, ते चमच्याने काढत बसलो.

गंमत म्हणजे आमची सोसायटीची ट्रिप मुरूडला गेली होती, जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले हे गाइडने नीट सांगितलं होतं आणि कलालबांगडी तोफेजवळ सगळ्यांनी फोटो काढले होते, या काकूंनी पण.

पण ते "अंतर्गत मामला" काही डोक्यातून जाईना. कारण १९४६ ला, स्वातंत्र्य मिळायच्या पण आधी, भारताने युनोत दक्षिण आफ्रिकेची तक्रार केली होती, तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख. दक्षिण आफ्रिका म्हणाली हा आमचा घरचा प्रश्न, तुम्ही मध्ये पडू नका. आमसभेने ऐकलं नाही, ठराव पास झाला. पुढे १९६५ ला वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात रंग, वंश यांच्यासोबत 'डिसेंट' म्हणजे कुळ-जन्म हा शब्द घाला ही सूचना आपलीच.

आणि मग २००१, डर्बन. म्हणजे त्याच दक्षिण आफ्रिकेत युनोची वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद. अमेरिका आणि इस्रायल मधूनच उठून गेले, त्याचीच बातमी जास्त झाली, पण गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे आणि तो तेव्हाही गुन्हाच मानायला हवा होता असं तिथे लिहून घेतलं गेलं, ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडचे दलित कार्यकर्ते पण गेले होते, जातीचा उल्लेख करा म्हणून, आधार तोच 'डिसेंट' शब्द. आपलं सरकार काय म्हणालं? जात म्हणजे वंश नाही, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न. जाहीरनाम्यात जात आलीच नाही.

डर्बननंतर युनोत आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठी तज्ज्ञांचा गट झाला, २०१५ ते २०२४ हे दशक त्यांच्या नावाने जाहीर झालं, २०२१ ला कायमस्वरूपी मंच झाला, आता २०२५ पासून दुसरं दशक सुरू आहे. पहिल्या दशकातच, २०१७ ला, ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं, आफ्रिकन देशांच्या राजदूतांनी हे वंशद्वेषातून झालंय म्हटलं आणि युनोच्या मानवी हक्क परिषदेकडून चौकशी मागितली, तर आपल्या परराष्ट्र खात्याला ते निवेदनच दुर्दैवी वाटलं.

फ्लॅट गेला शेवटी एका आयटीवाल्याला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाणी लावतो, भिंत थरथरते माझी. ग्रुपवर अजून एक मेसेज नाही.