डिझेलमधला धातू शेवटी जातो कुठे?

भोसरी-चाकण पट्ट्यातले टेम्पोमालक मला नेहमी विचारतात, की डिझेलच्या टाकीत ओतायच्या ॲडिटिव्हने धूर खरोखर कमी होतो का. त्या बाटलीत सिरियम या धातूचे किंवा लोहाचे संयुग योग्य मात्रेत असेल, तर तो कमी होऊ शकतो. मात्र तेवढ्यावर हवा स्वच्छ झाली असे मानायला मी तयार नाही.

सिलिंडरमध्ये फवारलेल्या डिझेलच्या झोताच्या गाभ्यात ऑक्सिजन अपुरा पडतो आणि तिथे काजळी तयार होते. तिचा बराचसा भाग ज्वलनाच्या उत्तरार्धात जळून जातो, उरलेला धुरातून बाहेर पडतो. सिरियम ऑक्साइड काजळीच्या कणातच मिसळलेले असल्याने तिला आपल्याकडचा ऑक्सिजन देते आणि भोवतालच्या वायूतून तो पुन्हा घेते. त्यामुळे एरवी सुमारे 600 अंश सेल्सिअसला पेटणारी काजळी 450 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी तापमानाला जळू लागते. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत असा एकच कल दिसत नाही. इंजिन, भार आणि मात्रा यांनुसार ती कधी घटतात, कधी वाढतात.

धातू मात्र जळून नाहीसा होत नाही. डिझेलमध्ये 10 पीपीएम, म्हणजे वजनाने दहा लाख भागांत 10 भाग, सिरियम असेल, तर लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम धातू पडतो. लिटरला 15 किलोमीटर धावणारी गाडी एक लाख किलोमीटर चालली, की हा हिशेब साधारण 55 ग्रॅमवर जातो आणि त्याची ऑक्साइडरूपी राख त्याहून जास्त भरते. प्यूजोने 2000 साली 607 या मोटारीत काजळी अडवणारा फिल्टर बसवला, तेव्हा सिरियमच्या ॲडिटिव्हसाठी वेगळी टाकी दिली, मात्रा गाडीनेच ठरवावी अशी सोय केली आणि फिल्टरमधली राख काढण्याचे अंतरही ठरवून दिले. सगळी रचना एकत्र विचार करून झाली होती, म्हणूनच ती मला योग्य वाटते.

आपल्याकडच्या फिल्टर नसलेल्या जुन्या टेम्पोतून हेच ऑक्साइड अतिसूक्ष्म कणांच्या रूपात थेट रस्त्यावर येते. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजली जाते. काजळी घटली की आकडा सुधारतो, आणि हे कण त्या आकड्यात जवळपास उमटतच नाहीत. हडपसरच्या चौकात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या फुफ्फुसांचा विचार केला, की ही बाब मला फार गंभीर वाटते.

एप्रिल 2020 पासूनच्या, बीएस-6 या उत्सर्जन मानकाच्या डिझेल गाड्यांमध्ये असा फिल्टर असतो, तिथे अडचण वेगळी आहे. फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. ती जाळीत साठत जाते, एक्झॉस्टचा उलटा दाब वाढतो आणि इंधन जास्त लागते. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेले नसेल, तर अशा गाडीत धातूचे ॲडिटिव्ह मुळीच ओतू नये. जुनी गाडी काळा धूर सोडत असेल, तर आधी एअर फिल्टर बदलावा, नोझल तपासून घ्यावेत आणि पंपाचे टायमिंग जुळवून घ्यावे.