रत्नागिरीहून सायकलने कुठे जावे? तुम्ही विचारलंत म्हणून

रत्नागिरीत सायकल घेऊन येणारे पाहुणे मला हमखास विचारतात, "इथला सर्वांत सुंदर रस्ता कोणता?" मी रस्ता सांगण्याआधी वारा सांगतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारनंतर उत्तरेकडे निघालेल्या माणसाला तो थेट छातीवर घ्यावा लागतो. म्हणून उत्तरेकडे जायचे असेल तर उजाडताच निघावे आणि वारा पाठीशी घेऊन परतावे. दक्षिणेकडे जायचे असेल तर वारा सुटण्याआधी परत फिरावे.

उत्तरेचा रस्ता म्हणजे शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे आणि गणपतीपुळे, जाताना सुमारे पंचवीस किलोमीटर. आपण डाव्या बाजूने चालतो आणि उत्तरेकडे जाताना समुद्रही डावीकडे असतो, त्यामुळे समुद्र आणि सायकल यांच्यामध्ये एकही गाडी येत नाही. आरे-वारेच्या डोंगराच्या कडेने रस्ता वर चढतो आणि दोन्ही पुळणी पायाखाली उलगडतात, तेव्हा हे सुख कळते. मात्र शनिवार-रविवारी दहानंतर इथे येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फोटोसाठी वळणावरच थांबलेल्या मोटारींमधून वाट काढताना समुद्राकडे पाहण्याचीही सोय उरत नाही.

तरीही मला एकच रस्ता निवडायला सांगितला, तर मी दक्षिणेचा, पावस-पूर्णगडचा निवडेन. भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की एका बाजूला सुरूचे बन आणि पुढे नारळ संशोधन केंद्राच्या बागा लागतात. फणसोपपर्यंत पाय सहज फिरतात आणि मग गोळपकडे चढ सुरू होतो. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल अशा समजुतीने आलेले इथेच दमतात. जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, थेट समुद्रापर्यंत येऊन तुटतो आणि सह्याद्रीतून उतरलेल्या नद्यांनी तो ठिकठिकाणी कापला आहे. त्यामुळे खाडीपर्यंत उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पुन्हा सड्यावर चढायचे, हाच या किनाऱ्यावरच्या प्रवासाचा क्रम आहे. चढाला कंटाळणाऱ्याने इथे येऊ नये असे मी म्हणणार नाही, पण सायकलला लहान गिअर हवेतच.

त्या चढाचे मोल सड्यावर मिळते. पावसाळा सरत आला की भाद्रपदाच्या सुमारास सायकल कडेला लावून कातळावर अगदी उकिडवे बसावे. उन्हाळ्यात काळाठिक्कर पडलेला हाच दगड तेव्हा 'सीतेची आसवे' नावाच्या रानफुलांनी जांभळा झालेला असतो. फूल नखाएवढे, देठ दोऱ्यासारखा, आणि खाली बोटभरसुद्धा माती नाही. त्या मातीत नत्र फारसे नसते, म्हणून ही वनस्पती मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये पाण्यातले बारीक जीव पकडून आपली भूक भागवते. मोटारीच्या काचेतून यातले काहीही दिसत नाही. सायकलवरून उतरायला मात्र क्षणही लागत नाही. पौष-माघात येणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट आहे: गोळप ते पावस उतारावर आंब्याच्या मोहोराचा वास आधी येतो आणि बागा नंतर दिसतात.

पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे. तिथे टेकावे, कोकम सरबत घ्यावे आणि पूर्णगड गाठावा. मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते तिथला हा लहानसा किल्ला पाहायला फार वेळ लागत नाही, पण समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडल्यावर नदीचे मुख, पलीकडची गावखडीची पुळण आणि तिच्यामागचे सुरूचे बन एकाच वेळी दिसते. दम असेल त्याने पूल ओलांडून कशेळीपर्यंत जावे. तिथे कनकादित्याचे मंदिर आहे आणि सड्यावर हत्तीचे अवाढव्य कातळशिल्प आहे, ज्याच्या रेषांच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळी करणाऱ्याने मात्र परतीच्या समोरच्या वाऱ्याचा हिशेब आधीच धरावा, किंवा तिथेच मुक्काम करावा.

मिरकरवाड्याकडून जाताना एक सांभाळावे: मासळीच्या टेम्पोतून गळलेल्या पाण्याने वळणावरचे डांबर निसरडे होते, तिथे पुढचा ब्रेक दाबू नये. आणि घरी पोहोचल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. खाऱ्या हवेत एका रात्रीतही गंज धरतो.

ज्यांच्या हाती आणखी एक दिवस आहे त्यांनी गणपतीपुळ्याहून पहाटे पुढे निघावे. केशवसुतांचे मालगुंड वाटेतच आहे. तिथून जयगड, आणि जयगडच्या धक्क्यावरून सायकलसकट फेरीबोटीने शास्त्रीच्या मुखापलीकडे तवसाळ. तवसाळला उतरल्यावर गुहागरच्या वाटेचा चढ लगेच सुरू होतो, म्हणून पाण्याच्या बाटल्या जयगडलाच भरून घ्याव्यात.