दोन महिन्यांत पंधरा किलो

आमच्या ओपीडीत बहुतेक जण रिपोर्टची फाईल घेऊन येतात. या बाई वही घेऊन आल्या होत्या. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘६० दिवस, १५ किलो’, खाली रोज सकाळ-संध्याकाळचं वजन. सुरुवात ८४ किलोपासून, आठवड्यात ८०.२, आणि मग तीन दिवस काटा जागचा हलायला तयार नाही. तक्रार तीच होती. “मॅडम, आता अजून काय बंद करू?”

बंद करण्यासारखं उरलं होतं काय? दुपारी सॅलड, रात्री सूप, मध्ये एखादं फळ. सगळं मिळून जेमतेम ७०० कॅलरी. वर रोज दोन तास चालणं. मागच्या वर्षीही असंच करून त्यांनी ११ किलो उतरवले होते आणि १३ परत चढले होते. तेव्हा केसही मुठीने गळले, असं त्या सहज बोलून गेल्या.

“चालून आल्यावर दिवस कसा जातो?”

“त्राणच राहत नाही हो, पडूनच असते. आणि रात्री झोप येईपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघते.” हे सांगताना त्या ओशाळल्या. ओशाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवलं होतं. तेही दिवसभर खाण्याचाच विचार करत, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. या बाई त्यांच्या निम्म्याहून कमी खात होत्या.

मी उपदेश केला नाही, त्यांना मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढायला लावला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. पंधरा किलोच्या १,१५,५००. भागिले ६०. उत्तर आलं १,९२५.

“रोज एवढी तूट पडायला हवी. तुमचं वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर. एरवीच्या दिवसात तुमचं शरीर खर्च करतं साधारण १,९५०.”

वजाबाकी त्यांनी तोंडीच केली. पंचवीस. म्हणजे दिवसाला पाव सफरचंद.

“आणि दोन तास चालते ते?”

“त्याच्या चारेकशे धरा. पण मग दिवसभर पडून राहता, त्यात बऱ्याचशा वजा होतात.”

मग गेलेले पावणेचार किलो कसले, हा त्यांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. खाणं एकदम तोडलं की स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, आधी संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जातं. पहिल्या आठवड्याची खुशी बरीचशी त्या पाण्याची असते. चरबी हळूच जाते, आणि अशा उपासमारीत तिच्यासोबत स्नायूही झिजतात.

बोलता बोलता त्या उठल्या आणि टेबलाचा कोपरा धरून थांबल्या. डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब बसून ११२, उभ्याने ८८. ब्लड प्रेशरची गोळी मात्र जुन्याच डोसने चालू. आहाराच्या गप्पा तिथेच थांबवून त्यांना शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे नेलं. गोळी त्याच दिवशी कमी झाली. वजन घटवायला निघालेल्यांनी गोळ्यांचं आधी विचारून घ्यावं, हे कितीदा सांगितलं तरी कमीच पडतं.

परत आल्यावर खरी घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, तीन महिन्यांत ८४ वरून ७९.

“पण मी ८०.२ वर आलेच आहे! म्हणजे तीन महिन्यांत सव्वा किलो?”

“यातले दोनेक किलो आठवडाभरात परत दिसतील. ते पाणी आहे.”

त्यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांची साखर सीमारेषेवर होती, म्हणून मी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं: मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन सुमारे ७ टक्के घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट दिलं, तर त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. इतक्याशा उतारानेही फरक पडतो, यावर त्या जरा थबकल्या.

शेवटी ठरलं ते असं. चालणं अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दोन दिवस स्नायूंसाठी: खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, भिंतीला रेटून दंड. खाणं १,४५० कॅलरींच्या आसपास, प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, अंडी किंवा दही यांतलं काहीतरी हवंच. काट्यावर आठवड्यातून एकदाच. सगळ्यात जास्त विरोध या शेवटच्या अटीला झाला.

पुढच्या आठवड्यात फोन आला, आवाज तापलेला. “८२.१!” मी म्हटलं, वही बाजूला ठेवा, कंबर मोजा.

तीन महिन्यांनी वजन ७९.४ होतं, कंबर ९८ वरून ९२ सेंटिमीटरवर. अंधारी येणं बंद झालं होतं. त्यांना लगेच पुढचे पाच किलो हवे होते. मी सुचवलं, आता सहा आठवडे आहे तिथेच थांबू, फक्त टिकवू.

“नुसतं थांबायचं तर तुमच्याकडे कशाला येऊ?”

“गेल्या वर्षी नेमकं तेच जमलं नव्हतं ना.”

सहा आठवडे मी मागितले होते, त्यांनी चार दिले.