खाडीला रोपं नंतर, आधी भरतीच्या पाण्याला वाट

ठाण्याच्या खाडीकाठी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाळलेली दिसली की पावसाळ्यात रोपं लावायचा बेत ठरतो. जिथे मोठी झाडं तगली नाहीत तिथे वीतभर रोप तगेल कसं? झाड मेलं ते बहुतेकदा पाण्याच्या वाटेत अडथळा आला म्हणून. आधी तो शोधायला हवा.

तिवराची मुळं चिखलातून बोटाएवढी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. रस्त्याच्या किंवा जलवाहिनीच्या भरावाने पाणी आत कोंडलं तर ही मुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहतात आणि गुदमरतात. उलट, भरती आत पोचलीच नाही तर ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ मागे उरतं. लांबून दोन्ही ठिकाणी करडी, निष्पर्ण झाडंच दिसतात. जवळ गेलं की फरक कळतो. काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल तर पाणी साचलंय. भेगा आणि पांढरी खपली असेल तर पाणी येतच नाही. इलाज मात्र एकच: वाट मोकळी करणं.

त्यासाठी दर 10 सेंटिमीटरला खूण केलेल्या दोन काठ्या रोवायच्या, एक खाडीच्या बाजूला आणि एक आत. एक भरती आणि एक ओहोटी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा तास, दर अर्ध्या तासाला दोन्हींवरची पातळी लिहायची. बाहेर मीटर-दीड मीटरने पाणी उतरलं आणि आतली काठी दहा-वीस सेंटिमीटरवरच अडली तर वाट तुंबलेली आहे. ही नोंद अमावास्येच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला घ्या आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीलाही घ्या. फक्त उधाणाला मोजणं ही नेहमीची चूक. त्या दिवशी पाणी भरावावरूनही आत शिरतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

मग भरावाखालून पाणी नेणाऱ्या मोरीचा हिशोब. 10 हेक्टर जागेत 30 सेंटिमीटर पाणी खेळवायचं तर 30,000 घनमीटर पाणी आत यायला हवं. 1 मीटर व्यासाचा पाइप तुडुंब भरून सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहिला तरी 6 तासांत सुमारे 17,000 घनमीटरच देतो, आणि भरतीच्या सुरुवातीला व शेवटी तो वेगही नसतो. म्हणजे एका पाइपने भागत नाही. तीन तरी हवेत. त्याहून चांगला उघडा चर आणि वर छोटा पूल, कारण चरातला गाळ दिसतो आणि काढता येतो. पाइपचा तळ आतल्या ओढ्याच्या तळापेक्षा वर बसला तर ओहोटीला पाणी पुरतं उतरत नाही. तोंडावर बारीक जाळी लावली तर पिशव्यांनी ती बघता बघता बुजते. भातशेतीच्या बांधाला असते तशी एकतर्फी उघाडी इथे नको. ती पाणी बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. भाताला ते हवंच असतं, तिवराला ते मारक.

काम सुरू करण्याआधी वनविभागाच्या कांदळवन (खारफुटीचं जंगल) कक्षाला विचारायला हवं. हेतू चांगला असला तरी कांदळवनात परवानगीशिवाय जेसीबी घालता येत नाही.

आणखी एक आग्रह: उघड्या चिखलपट्टीवर रोपं लावू नका. ती पडीक जागा नाही. ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, आणि छोटे रोहित (फ्लेमिंगो) चरतात ते याच चिखलावरच्या शेवाळावर. गाळ साचत गेला की तिवरं आपणहून खाडीकडे सरकतात. त्यात हाताने भर घातली तर पक्ष्यांची चरायची जागा आणखी आक्रसते.

मोकळी केलेली वाट कचऱ्याने पुन्हा बुजू नये म्हणून नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडसर लावतात. तो प्रवाहाला काटकोनात नको, तिरका हवा, म्हणजे कचरा घसरत काठाला येतो आणि तिथून उचलता येतो. इथे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. दोर ताठ बांधला तर भरतीत अडसर बुडतो आणि कचरा वरून निघून जातो. म्हणून दोन्ही टोकं खांबावर वरखाली सरकणाऱ्या कड्यांत अडकवायची. भरतीला प्रवाह उलटतो, तेव्हा जमलेला कचरा परत नाल्यात शिरतो. त्यामुळे उचलायची वेळ घड्याळावर ठरवून चालत नाही. ओहोटी संपत आली की, पाणी फिरायच्या आत उचलायचा.

वाट मोकळी झाल्यावर आधी निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि खेकड्यांची बिळं दिसू लागतात. तिवराचं बी पावसाळ्यात पिकून गळतं आणि भरतीबरोबर तरंगत येतं. जवळ मोठी झाडं असतील तर दोन पावसाळे थांबा. तरीही जागा मोकळीच राहिली तर रोपं लावा, तीही शेजारची तिवरं ज्या पातळीवर उभी आहेत त्याच पातळीवर.