खच्ची केलेल्या घोड्याची जखम का चिघळते

सोलापूरकडे घोडा खच्ची करायचा म्हणजे बहुतेक वेळा घरामागच्या मोकळ्या जागेत किंवा शेताच्या कडेला आडवा पाडायचा. टेबल नाही, छप्पर नाही. त्याने फारसं अडतही नाही. अडतं ते खाली काळी माती असेल तेव्हा.

स्वच्छ जखमेत पू धरायला ग्रॅमभर मांसामागे साधारण 1 लाख जंतू लागतात. माती शिरली की 100 सुद्धा पुरतात. आपल्या काळ्या रानात मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे चिकणकण ठासून भरलेले. ते पांढऱ्या पेशींना लुळं करतात, वर औषधाला चिकटून तेही निकामी करतात. म्हणून घोडा हिरवळीवर पाडावा, नाहीतर कडब्यावर धुतलेली ताडपत्री अंथरून. लिदीवर तर नकोच, धनुर्वाताचे जंतू तिथलेच. टीटीचे, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचे, 2 डोस 4 आठवड्यांच्या अंतराने आधीच झालेले असावेत. नसतील तर शस्त्रक्रियेच्या दिवशी 1500 युनिट अँटिटॉक्सिन.

घोडा आदल्या दिवशी धुऊन वाळवावा. अंडपिशवीवर केस विरळच, तिथे वस्तरा फिरवू नये. त्याचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना आयती बिळं. शेपटीला पट्टी गुंडाळून बाजूला बांधायची. मग 4 टक्के क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक साबण मध्यापासून बाहेर गोल गोल, बाहेर गेलेला बोळा परत मध्ये आणायचा नाही. एकूण 5 मिनिटं. घाईगडबडीत नेमकी हीच 5 मिनिटं खाल्ली जातात.

ही जखम शिवायची नसते, आणि छेद हात राखून द्यायचा नसतो. पिशवीच्या अगदी खालच्या बाजूला लांब छेद हवा, म्हणजे रक्त आणि जखमेचं पाणी गळून जातं. छोटा छेद दिसायला नेटका, पण दोन-तीन दिवसांत कडा चिकटतात आणि आत पाणी तुंबतं. वृषणाच्या दोरीवर इमॅस्क्युलेटर, म्हणजे दोरी चिरडून कापणारं हत्यार, नीट बसलं की बहुतेकदा तेवढं पुरतं. बांधायचंच असेल तर विरघळणारा दोरा. विणलेल्या दोऱ्याच्या पिळात स्टॅफिलोकोकस हा पू करणारा जंतू दडून बसतो आणि जखम भरल्यावर कधीतरी तिथे टणक गाठ होऊन पू वाहायला लागतो.

पहिले 24 तास घोडा शांत बांधून ठेवावा. त्यानंतर दया नको! रोज दोनदा 20 ते 30 मिनिटं चालवायचा. ‘बिचाऱ्याला दुखतंय’ म्हणून उभा ठेवलेला घोडाच जास्त सुजतो. सूज तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वात जास्त दिसते, दहा-बारा दिवसांत उतरते. तांबूस पाणी टपकत असेल तर टपकू द्यावं. टपकणं थांबलं आणि सूज वाढली, तर कडा चिकटल्या. डॉक्टरांनी निर्जंतुक हातमोजा घालून बोटाने त्या मोकळ्या करायच्या.

हळद, राख, जळकं ऑइल यातलं काहीही आत भरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं, पण नव्या पेशीही त्यात जळतात. माशांचं औषध जखमेभोवती लावायचं, आत नाही. त्यापेक्षा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या (संक्रांतीच्या) आसपासचे थंडीचे दिवस निवडलेले बरे. अकलूजच्या बाजारातून घोडा आणला असेल तर 3 आठवडे थांबावं. येताना घशाचा संसर्ग अंगात घेऊन आला असेल तर तोवर कळतो.

पेनिसिलिनचा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो. प्रोकेन पेनिसिलिन किलोला 22,000 युनिट, दर 12 तासांनी, स्नायूत. 350 किलोच्या घोड्याला एका वेळी 77 लाख, म्हणजे दिवसाला 1 कोटी 54 लाख. 40 लाखांची एक व्हायल दिवसातून एकदा टोचली तर तो अर्ध्याचाही अर्धा डोस झाला. रक्तात चढायला वेळ लागतो, म्हणून पहिलं इंजेक्शन छेद देण्याच्या दोनेक तास आधी. पू आलाच तर नवं औषध सुरू करण्याआधी खोलवरचा नमुना घ्यावा, वरवरचा नाही.

ताप 39 अंश सेल्सिअसच्या वर गेला, मागचे पाय ताठले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी डॉक्टर. जखमेतून आतडं किंवा काही लोंबताना दिसलं तर स्वच्छ ओल्या टॉवेलने खालून तोलून धरायचं, घोडा हलवायचा नाही, आणि फोन लगेच लावायचा.