‘बाळ झोपेत आणा’: लेकीच्या कानाच्या तपासणीचा माझा अनुभव

बाळ झोपेत आणा. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं. कधी झोपवायचं, कुठे झोपवायचं, किती वेळ झोप लागते, मध्येच जाग आली तर काय करायचं, यातलं एक अक्षरही नाही. त्या तीन शब्दांपायी आमचे सहा आठवडे गेले. ते आठवले की अजून डोकं तापतं, म्हणून हे लिहून काढतोय. तशी चिठ्ठी ज्यांच्या हातात पडेल त्यांचे तरी हेलपाटे वाचावेत.

लेक तेव्हा 22 महिन्यांची होती. वजन, उंची, दात, खेळणं, सगळं व्यवस्थित. बोलणं मात्र चार शब्दांवर अडलेलं: बाबा, दे, नको आणि कुत्र्यासाठी ‘भू’. हवं ते मिळवायला ती माझं बोट धरून ओढत न्यायची. दिव्याकडे बोट दाखवायची आणि मी बघतोय ना, हे वळून बघायची. पुढे कळलं की हे वळून बघणं फार मोलाचं असतं.

आम्ही उशीर का केला, तेही सांगतो. लेक चालायला लागली 16व्या महिन्यात. गुडघ्यांवर रांगली कधीच नाही, बसल्या बसल्या सरकत सगळीकडे जायची. तेव्हा भेटेल तो आम्हाला घाबरवून जायचा. मग जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा अभ्यास वाचनात आला. धडधाकट मुलं स्वतःहून चालायला लागतात तो काळ साधारण 8 ते साडेसतरा महिने, इतका लांबरुंद आहे. आणि त्या अभ्यासातली 100 पैकी चारेक मुलं गुडघ्यांवर रांगलीच नव्हती. म्हणजे आमची काळजी फुकट गेली होती. त्यामुळे बोलण्याची वेळ आली तेव्हा आम्ही आधीच ठरवून बसलो होतो की हेही तसंच असणार. 18व्या महिन्यात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘थांबून बघू.’ किती दिवस थांबायचं, थांबताना काय बघायचं, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चार महिने तसेच गेले.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात माझ्या हातून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं. लेक पाठमोरी बसून डबे रचत होती. तिचा हात थांबला नाही, खांदा हलला नाही, पुढचा डबा तिने शांतपणे वर ठेवला. तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी मी घरी येतो तेव्हाही ती वळते ती मी समोर गेल्यावर, किंवा खांद्याला हात लावल्यावर.

त्या रात्री मी तिच्यामागे उभं राहून टाळ्या वाजवून पाहिल्या, हाका मारल्या. कधी वळली, कधी नाही. असल्या घरगुती परीक्षेवर विसंबू नका, बरी वाटली तरी. मुलाला आपली सावली दिसते, पावलांनी फरशी हादरते ते कळतं, आणि ते वळलं की आपल्याला वाटतं ऐकू आलं. जन्मल्यावर झालेल्या तपासणीचंही तसंच. आमच्याकडे ‘पास’ लिहिलेला कागद होता आणि त्याच्या जोरावर घरातले सगळे निर्धास्त होते. पण तो कागद त्या दिवसापुरता बोलतो. नंतर कानात काय झालं ते त्याला ठाऊक नसतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, 20 प्रश्नांची हो-नाहीची एक यादी भरून घेतली (16 ते 30 महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची शक्यता पडताळायला ती वापरतात; बोट दाखवण्याचा प्रश्न त्यातच आहे) आणि म्हणाले, बोलणं उशिरा असेल तर आधी कान. त्याच आठवड्यात दोन छोट्या तपासण्या झाल्या. एकीत कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानातून येणारा प्रतिसाद टिपतात, तो आला नाही. दुसरी टिंपॅनोमेट्री. तीत कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो ते मोजतात. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा वर चढून उतरतो. आमच्या लेकीचे दोन्ही आलेख सपाट होते. पडद्यामागे द्रव साचला होता.

तिसरी तपासणी जमली नाही. स्पीकरमधून आवाज येतो, मूल तिकडे वळलं की तिथलं खेळणं उजळून नाचायला लागतं. लेक त्या खेळण्याला इतकी घाबरली की तिने माझ्या मानेची मिठी सोडली नाही. प्रतिसाद का येत नाही, नुसत्या द्रवामुळे की आत आणखी काही आहे, हे कळायला हवं होतं. म्हणून बेरा सांगितली. आणि ती चिठ्ठी मिळाली.

बेरा म्हणजे कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक असे आवाज सोडतात आणि ते मज्जातंतूतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतात का ते पडद्यावर बघतात. हे संकेत इतके क्षीण असतात की मुलाने नुसतं तोंड हलवलं तरी स्नायूंच्या गोंगाटात बुडून जातात. म्हणून झोप लागते. हे मला पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कोणी सांगितलं असतं, तर मी वेगळी तयारी केली असती. मला वाटलं, मूल रडू नये म्हणून झोपवायला सांगतात.

पहिली वेळ सकाळी 11 ची होती. लेकीची झोपेची वेळ दुपारी 2 ची. आम्ही तिला पहाटे 5 ला उठवलं. येताना गाडीत ती गाढ झोपली आणि आम्ही खूश झालो. मी तिला अलगद उचलून आत नेलं, खाटेवर ठेवलं. इलेक्ट्रोड चिकटायला कपाळावरचा तेलकटपणा काढावा लागतो, त्यासाठी खरखरीत जेलने कपाळ घासतात. दुसऱ्या घासणीला तिने डोळे उघडले. गाडीतली ती वीस मिनिटांची डुलकी तिला पुरली होती, मग काही केल्या झोपेना. काउंटरवर सांगितलं, पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

दुसऱ्या वेळचा राग अजून गेलेला नाही. पुन्हा 11 चीच वेळ. या खेपेस गाडीत बायको तिच्याशेजारी बसून तिला जागं ठेवत आली. 11:20 ला लेक माझ्या खांद्यावर झोपली, अगदी हवी तशी. मी काउंटरवर जाऊन हळू आवाजात सांगितलं की झोपली आहे. उत्तर मिळालं, नंबर आल्यावर बोलावू. पुढे दोन जण होते, दोघंही मोठी माणसं, दोघंही जागी. त्यांना अर्धा तास थांबवलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. मी दोनदा जाऊन विनंती केली. ताटकळत उभा होतो, हात भरून आला होता, पण खाली बसलो तर जाग येईल म्हणून बसत नव्हतो. 12:10 ला आमचं नाव पुकारलं, तेही इतक्या मोठ्याने की लेक दचकून जागी झाली. ज्या मुलीला ऐकू येत नाही म्हणून आम्ही आलो होतो, तिला त्या आवाजाने जाग आली! क्षणभर मला आनंदच झाला. मग ती रडायला लागली आणि पुन्हा झोपली नाही. काउंटरवरचे म्हणाले, ‘झोपलं नाही तर आम्ही काय करणार?’

मी तिथून हललो नाही. ही तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टना भेटायचंच म्हटलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मी एकच विचारलं, दुपारी 2 ला खोली रिकामी असते का? असते, त्या म्हणाल्या. सकाळचे नंबर संपले की दुपारी त्या अहवाल लिहीत बसतात. म्हणजे आमच्या लेकीच्या झोपेच्या वेळी ते यंत्र रोज रिकामं होतं, आणि नंबर सकाळी देण्याची पद्धत म्हणून कोणी ते सांगितलं नव्हतं. त्यांनी तिथेच आठ दिवसांनंतरची दुपारची वेळ वहीत लिहिली. शिवाय जी गोष्ट चिठ्ठीवर छापायला हवी ती त्यांच्या तोंडून कळली: मुलाला झोपेत आणू नका, पेंगुळलेलं आणा. इलेक्ट्रोड जागेपणी चिकटवू, मग इथेच अंधार करून झोपवा.

तिसऱ्या वेळी तसंच केलं. लेकीचं पांघरूण घरून नेलं, अंगाला आणि केसांना तेल लावलं नाही, कपाळ साबणाने धुतलं. इलेक्ट्रोड लावताना ती थोडी कुरकुरली. बायकोने तिला मांडीवर घेऊन थोपटलं आणि दहा मिनिटांत ती झोपली. चाळीस मिनिटांत दोन्ही कान झाले. मी कोपऱ्यात उभा राहून तिचा श्वास मोजत होतो.

झोपेच्या औषधाबद्दल बरेच जण विचारतात. काही ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, आम्हालाही तो पर्याय होता. पण गुंगी येते म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध घरून पाजून नेऊ नका. प्रतीक्षेत एका आईच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

निकाल: मज्जातंतू उत्तम. अडथळा मधल्या कानात, द्रवाचा. आवाज साधारण 35 डेसिबलच्या वर गेल्याशिवाय तिला नीट पोचत नव्हता. लहान मुलांत कान आणि घसा जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीनंतर द्रव तुंबून राहतो. असं मूल बहिरं वाटत नाही. जवळचं बोलणं ऐकतं, हाकेला कधी ओ देतं, कधी देत नाही, आणि मोठी माणसं म्हणतात हट्टी आहे. आम्हीही म्हणालो होतो. त्याचं वाईट वाटतं.

आता कानाच्या डॉक्टरांनीही थांबायलाच सांगितलं, पण कसं ते बघा. द्रव पहिल्यांदा दिसला त्या दिवसापासून तीन महिने मोजायचे, कारण बहुतेक मुलांत तेवढ्यात तो आपोआप ओसरतो. तारीख कागदावर लिहिली. तोपर्यंत ओसरला नाही तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करायचा. दरम्यान टीव्ही बंद, तिच्या उंचीला बसून, तोंड दिसेल असं, हातभर अंतरावरून बोलायचं. तुम्हाला कोणी ‘थांबा’ म्हटलं की तारीख आणि काय बघायचं ते लिहून घ्या, त्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि आलेले शब्द विसरायला लागले तर कोणत्याही वयात एक दिवसही थांबायचं नसतं.

एक राहिलं. शब्दांची वही ठेवा. ‘भू’ आणि ‘हम्मा’ हेही शब्द धरतात, नेहमी त्याच गोष्टीसाठी वापरले तर. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले मिळून मोजायचे. स्पीच थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत वही मागितली आणि आमच्याकडे ती होती.

25व्या महिन्यात दोन्ही आलेखांवर डोंगर उमटला. नळी लागली नाही. थेरपी चालू ठेवली, वहीची पानं भरू लागली, सुरुवातीला आठवड्याला दोन शब्द, मग दिवसाला दोन. 27व्या महिन्यातल्या एका संध्याकाळी मी कुलपात चावी फिरवली. दार अजून लोटलं नव्हतं, तोच आतून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला, आणि त्यामागून, बोबडं पण स्वच्छ: ‘बाबा आवा!’