गोमुखाच्या अलीकडे

गणपती झाले की माझी गोमुखाची, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या ज्या तोंडातून भागीरथी निघते तिथल्या वारीची, तयारी सुरू होते. पावसाळ्यात गंगोत्रीचा रस्ता दरड कोसळून कधी बंद पडेल याचा नेम नसतो, आणि दिवाळीत अन्नकूटाला तिथलं मंदिर बंद होऊन गंगामाईची मूर्ती खाली मुखबा गावी जाते. मधले काही आठवडे तेवढे आमचे. पुण्याहून गट घेऊन मी बारा वर्षं या वाटेनं जातोय. त्यातली एक खेप लिहून ठेवायची होती, कारण त्या खेपेला चूक माझी होती.

आम्ही चौदा जण होतो, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. सगळ्यात थोरले काका अडुसष्टचे, सोबत काकू. काकांच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेला फिरकीचा तांब्या होता, पितळी, त्यांच्या आईच्या प्रवासातला. "गोमुखाचं पाणी यात आणायचं आणि घरी मावंदं घालायचं," असं ते डेहराडूनपासून प्रत्येकाला सांगत होते.

गोमुख हे गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं. 2008 पासून दिवसाला 150 माणसांनाच आत सोडतात. परवान्यावर तारीख असते, ओळखपत्रं लागतात, प्रकृतीचा दाखला लागतो. एका वर्षी एका एजंटानं "परमिट झालंय" म्हणून फोनवर सांगितलं आणि गंगोत्रीत पोचल्यावर हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून सगळे कागद मी स्वतः करतो, सगळ्यांचे दाखले घरी एकदा वाचून मगच फायलीत लावतो.

आता त्या चुकीबद्दल सांगतो. उत्तरकाशी साधारण 1,150 मीटरवर आहे आणि गंगोत्री 3,100 मीटरवर. गाडीनं एका दिवसात एवढं वर गेलं की शरीराला दम खायला वेळ द्यावाच लागतो. म्हणून मी गंगोत्रीत पूर्ण एक दिवस थांबतो, आसपास हिंडवतो, भरपूर पाणी प्यायला लावतो. त्या वेळी उत्तरकाशीच्या अलीकडे दरड आली आणि आमचा एक दिवस रस्त्यातच गेला. परवान्यावरची तारीख दुसऱ्याच दिवसाची. मी गंगोत्रीचा मुक्काम कापला. सगळे ठणठणीत दिसत होते, कुणी कुरकुर केली नाही, आणि मीही मनाची समजूत घातली.

पहाटे निघालो. कनखूच्या चौकीवर परवाना दाखवला, पाण्याच्या बाटल्या मोजून लिहून दिल्या. वाट भागीरथीच्या काठाकाठानं जाते, चढ अंगावर येणारा नाही. नऊ किलोमीटरवर चिरबासा. तिथं देवदार-चीडाच्या सावलीत चहा घेतला आणि मी सगळ्यांना घाई केली, कारण पुढे गिला पहाड लागतो. त्या उतारावर दगड मातीत नुसते अडकून राहिलेले असतात. ऊन चढलं, वारा सुटला की ते सुटतात. तिथं एकेकाला अंतर ठेवून सोडतो आणि मी शेवटी वर बघत चालतो. फोटो नाहीत, गप्पा नाहीत.

भोजबासा चौदा किलोमीटरवर, 3,800 मीटरच्या आसपास. भूर्जांचं रान म्हणून हे नाव, आणि आज झाडं शोधावी लागतात. सरपणासाठी ती तोडली गेली. ज्या गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट 1981 मध्ये नंदादेवीच्या माथ्यावर पोचल्या, त्यांनीच 1989 पासून इथं भूर्ज पुन्हा लावायचं काम हाती घेतलं. रोपवाटिका केली, कुंपणं घातली, वर्षानुवर्षं रोपं जगवली. ती कोवळी झाडं दिसली की मी गटाला थांबवून ही गोष्ट सांगतोच. शिखर सर करणं मोठं खरं, पण इतक्या थंडीत झाड जगवायला जो धीर लागतो तो मला जास्त मोठा वाटतो.

त्या रात्री काका जेवले नाहीत. डोकं ठणकतंय म्हणाले. दहाच्या सुमारास दोन उलट्या झाल्या. मी ऑक्सिमीटर लावला, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा 74 टक्के. त्या उंचीला नव्या माणसाचा आकडा ऐंशीच्या घरात असला तरी मी घाबरत नाही. पण 74, वर डोकेदुखी आणि उलट्या, यात विचार करायला जागा नव्हती. जवळच्या सिलिंडरचा प्राणवायू लावला आणि रात्रभर उशाशी बसलो. दर अर्ध्या तासानं त्यांचं नाव, गाव विचारायचं, उठवून चार पावलं टाकायला लावायची. पाय सरळ पडतायत ना, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. बोलणं अडखळलं किंवा तोल गेला असता तर अंधारातच खाली न्यायचं ठरवून पोर्टरना जागं ठेवलं होतं. त्या रात्री मला तो कापलेला दिवस तासातासानं आठवत होता.

उजाडताच काकांना सांगितलं, "काका, तुम्ही इथून खाली. वर नाही."

ते बराच वेळ गप्प राहिले. "चारच किलोमीटर राहिलं रे बाळा," एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली, चूक माझी आहे हे सगळ्यांसमोर सांगितलं. काकूही परत फिरायला निघाल्या होत्या, पण काकांनी तांब्या काढून त्यांच्या हातात दिला. "तू जा. कुणीतरी भरून आणायला नको का?" माझा जोडीदार आणि एक पोर्टर त्यांना घेऊन उतरू लागले.

आम्ही वर गेलो. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र हिमनदी घेऊन येतो आणि समोर दिसतो तो करड्या दगडगोट्यांचा ढीग. कड्यांवरून पडलेला मलबा बर्फ पाठीवर वाहून आणतो, म्हणून तो वरून झाकलेला असतो. फक्त तोंडाशी, जिथून पाणी बाहेर पडतं, तिथं उभा काप दिसतो, मळकट निळा. त्यामागे चौखंबा शिखराच्या पायथ्यापर्यंत सुमारे 30 किलोमीटर लांब बर्फ आहे, हे सांगावं लागतं. डावीकडे भागीरथीची तीन शिखरं होती आणि ढग हलला तसा 6,543 मीटरचा शिवलिंग उघडा पडला. सगळे आपोआप हात जोडून उभे राहिले.

"पण गाईचं तोंड कुठंय?" काकूंनी विचारलं.

ते आता दिसत नाही. हिमनदीच्या तोंडाची मोजणी 1935 पासून होत आली आहे, आणि तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय. 2016 च्या पावसाळ्यात समोरचा मोठा भाग कोसळला, बर्फाचे तुकडे वाहत गंगोत्रीपर्यंत आले. माझ्या पहिल्या गटानं ज्या दगडावर बसून डबे खाल्ले होते, तिथून तेव्हा बर्फ हाकेच्या अंतरावर होता. तो दगड मी काकूंना दाखवला. आता तिथून तोंड गाठायला बराच वेळ चालावं लागेल.

गटातला एक तरुण आणखी पुढे जाऊ बघत होता. मी त्याला दंड धरून थांबवलं. तेवढ्यात वरून एक धोंडा सुटला, आवाज आधी आला आणि मग पाण्यात पांढरा फवारा उडाला. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही.

काकूंनी अलीकडेच, प्रवाहाच्या कडेला बसून तांब्या भरला. पाणी राखेसारखं होतं, हात बधिर करणारं.

संध्याकाळी उशिरा गंगोत्रीत पोचलो तर काका धर्मशाळेच्या पायरीवर बसून वरणभात खात होते. चिरबासा ओलांडेपर्यंतच उलट्या थांबल्या होत्या म्हणे. आकडा 88. काकूंनी तांब्या पुढे केला. काकांनी फिरकी उघडून आत बॅटरी मारली. वरचं पाणी बरंचसं निवळलं होतं, तळाशी मऊ करडा थर बसला होता.

"ही माती कसली?"

"दगडाचं पीठ आहे, काका. बर्फ खाली सरकताना खडक दळत येतो, जात्यासारखा."

काकू पिशवीतून स्वच्छ फडकं काढून पाणी गाळायला निघाल्या. काकांनी तांब्याच्या तोंडावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "मला जाता आलं नाही ना तिथं. तेवढं तरी घरी येऊ दे."